परदेशी स्वस्त बाजारातून ऑनलाईन खरेदी: पैसे कुठे अडकतात, कसे वाचवायचे

मोबाईल हातात घेतला की जाहिरात समोर येते. ब्लूटूथ हेडफोन दीडशे रुपयांत, अबाया चारशेत, मुलांची रिमोटची गाडी दोनशेत. खाली लाल अक्षरांत घड्याळ पळत असतं: "ऑफर संपायला १० मिनिटं." ईद जवळ आली, की या जाहिराती आणखी वाढतात. कुणी म्हणतं, सगळी फसवणूक आहे, हात लावू नका. कुणी म्हणतं, मी तर चार वेळा मागवलं, काही झालं नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

या बाजारांतून खरेदी करणं म्हणजे फसणंच असं नाही. पण इथे विकणारा हजारो किलोमीटर लांब असतो, त्याच्या दुकानात जाऊन वाद घालता येत नाही. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: माल हातात येऊन तपासून होईपर्यंत पैसे परत मागण्याचा रस्ता आणि पुरावा, दोन्ही आपल्याकडे राहिले पाहिजेत. खाली दिलेली सगळी खबरदारी याच एका गोष्टीसाठी आहे.

आपल्या वाचकांपैकी बरेच जण रत्नागिरी, रायगड, मुंबई भागातले आहेत, आणि घरातलं कुणी ना कुणी दुबई, कुवेत, सौदी किंवा कतारला आहे. त्यामुळे भारतातली आणि आखातातली, अशी दोन्हीकडची माहिती इथे दिली आहे.

हे बाजार चालतात कसे?

यातलं एक जुनं नाव अलीएक्सप्रेस. चीनच्या अलीबाबा समूहाने ते २०१० मध्ये सुरू केलं. शीन ही मूळची चीनमधली, आता सिंगापूरमध्ये मुख्यालय असलेली कपड्यांची कंपनी. टेमू सगळ्यात नवीन. पीडीडी होल्डिंग्ज या कंपनीने ते सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. आज या कंपन्या आखाती देशांतही घरपोच माल देतात.

यातली बरीचशी विक्री 'मार्केटप्लेस' पद्धतीची असते. म्हणजे ॲप एकाचं, आणि त्यावर दुकानं मांडलेली हजारो वेगवेगळ्या विक्रेत्यांची. आपल्या आठवडी बाजारासारखंच म्हणा ना. जागा ग्रामपंचायतीची, पण गाळा ज्याचा त्याचा. एका गाळ्यावर चांगला माल मिळाला म्हणून शेजारचाही चांगलाच असेल असं नाही. "मी टेमूवरून घेतलं, छान निघालं" या वाक्यावर म्हणूनच फार विसंबता येत नाही. कोणत्या विक्रेत्याकडून घेतलं, हे विचारायचं.

माल स्वस्त का असतो? कारखान्यातून थेट ग्राहकाकडे येतो, मधले व्यापारी नसतात. मोठ्या प्रमाणावर बनतो. शिवाय अनेक देशांत कमी किमतीच्या पार्सलवर आयात कर लागत नसे, त्याचाही फायदा होता. पण काही वेळा स्वस्ताईचं कारण वेगळं असतं: हलका कच्चा माल, सुरक्षेची चाचणी नाही, नावाजलेल्या ब्रँडची नक्कल. कोणती वस्तू कोणत्या कारणाने स्वस्त आहे, ते ओळखता आलं पाहिजे.

भारतात सध्या काय स्थिती आहे?

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात शीन आणि क्लब फॅक्टरी होते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला आणखी ४३ ॲप्स बंद झाली, त्यात अलीएक्सप्रेस होतं. शीन २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलमार्फत भारतात परत आलं, पण त्या ॲपवर मिळतो तो भारतात बनलेला माल. दुबईतल्या बहिणीच्या मोबाईलवरचं शीन आणि रत्नागिरीतल्या मोबाईलवरचं शीन, ही दोन वेगळी दुकानं आहेत.

मग इन्स्टाग्रामवर "टेमू इंडिया ९० टक्के सूट" किंवा "अलीएक्सप्रेस सेल, कॅश ऑन डिलिव्हरी" अशा जाहिराती येतात त्या कुणाच्या? बहुतेक वेळा नाव उसनं घेतलेल्या तिसऱ्याच कुणाच्या. यातले तीन प्रकार ओळखून ठेवा.

१. नकली वेबसाईट. नावात एखादं अक्षर जास्त किंवा कमी, शेवटी 'शॉप', 'सेल', 'इंडिया' असं काहीतरी जोडलेलं. पत्त्याच्या पट्टीतलं कुलपाचं चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नका. माहिती जाताना ती मधे कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, हे त्यावरून कळत नाही.

२. लिंकवरून उतरवायचं ॲप. प्ले स्टोअरवर नसलेलं ॲप व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाईलमधून टाकायला सांगतात. असं ॲप मोबाईलमधले मेसेज वाचून ओटीपी पळवू शकतं. असं ॲप कधीच टाकू नका, कुणी नातेवाईकाने पाठवलं तरी नाही. त्यालाही ते कुणीतरी पुढे पाठवलेलंच असतं.

३. 'आम्ही मागवून देतो' वाले. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून ऑर्डर घेतात, पैसे स्वतःच्या यूपीआयवर मागतात. काही जण खरंच माल आणून देतात. पण माल आला नाही, तर तुमचा व्यवहार त्या माणसाशी झालेला असतो. कंपनीकडे तुमच्या नावाची ऑर्डरच नसते, तक्रार कुणाकडे करणार?

कॅश ऑन डिलिव्हरी आहे म्हणून धोका नाही, असंही समजू नका. डिलिव्हरीवाला आधी पैसे घेतो, मग खोका देतो. आत जुनी चिंधी निघाली, की तो म्हणतो, "भाऊ, मी फक्त पार्सल पोचवतो." आणि तेही खरंच असतं.

सूट खरी आहे का?

मूळ किंमत २,९९९, आता फक्त ३९९. पण ती वस्तू २,९९९ ला कधी विकली गेली होती का? फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने शीनच्या जाहिराती तपासल्या, तेव्हा तपासलेल्यांपैकी ५७ टक्के जाहिरातींत प्रत्यक्षात काहीच सूट नव्हती. १९ टक्क्यांत सांगितली त्यापेक्षा कमी होती. ११ टक्क्यांत तर किंमत वाढलेली होती. जुलै २०२५ मध्ये कंपनीला त्याबद्दल ४ कोटी युरोचा दंड झाला.

म्हणून किती टक्के सूट आहे याकडे बघूच नका. तीच वस्तू आपल्या बाजारात किंवा दुसऱ्या ॲपवर कितीला मिळते, ते बघा. डिलिव्हरी, कर, बँकेचं शुल्क धरूनही फरक पडत असेल, तरच पुढे जा.

पळणारं घड्याळ, "फक्त २ शिल्लक", चाक फिरवून मिळालेलं बक्षीस, न विचारता टोपलीत टाकलेली जादा वस्तू, शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम, या सगळ्याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. भारत सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून असे १३ प्रकार ग्राहकाची दिशाभूल म्हणून ठरवले आहेत. यावर घरगुती उपाय सोपा आहे: वस्तू टोपलीत टाका आणि झोपा. सकाळी उठून हवीशी वाटली तर घ्या. बऱ्याचदा ऑफर तशीच असते, कधी कधी आणखी स्वस्त झालेली असते.

विक्रेता आणि वस्तू कशी पारखायची?

- दुकान किती जुनं आहे, किती माल विकला गेला, रेटिंग किती, हे पाहा. कालपरवा उघडलेल्या दुकानातून महागडी वस्तू घेऊ नका.
- पाच तारे देणारे शेरे सोडा, एक-दोन तारेवाले वाचा. तिथेच खरं कळतं: रंग उतरला, चार्जर तापला, अर्धाच माल आला.
- ग्राहकांनी स्वतः काढलेले फोटो पाहा. कंपनीचे फोटो सगळीकडे सारखेच सुंदर असतात.
- वर्णन शेवटपर्यंत वाचा. मोबाईलच्या फोटोखाली बारीक अक्षरांत "फक्त कव्हर" लिहिलेलं असतं. गालिचाचा फोटो मोठा, पण माप ४० गुणिले ६० सेंटिमीटर. घरात टेप असेलच, जमिनीवर ठेवून बघा.
- कपड्यांसाठी 'एम', 'एल'वर जाऊ नका, सेंटिमीटरचा तक्ता पाहा. चिनी मापं आपल्यापेक्षा लहान निघतात. अबायाचा ५४, ५६, ५८ हा आकडा साधारणपणे इंचांतली लांबी असते. घरातला नीट बसणारा अबाया मोजा आणि त्याच्याशी ताडून घ्या.

स्वस्तात घेऊच नयेत अशा वस्तू

मोबाईल कव्हर, केसांच्या पिना, स्वयंपाकघरातले डबे लावायचे हुक, शिवणकामाचं साहित्य, यात बिघडलं तर शंभर-दोनशे रुपये जातात. पण काही वस्तू बिघडल्या तर जीवावर बेततं.

चार्जर, पॉवर बँक, बॅटरी. भारतात पॉवर बँक आणि ॲडॅप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर ती वस्तू मुलांच्या खोलीत रात्रभर लावून ठेवू नका. आखातातून येताना पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

लहान मुलांची खेळणी आणि कपडे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दक्षिण कोरियात सोल शहराच्या प्रशासनाने २०२४ मध्ये शीन, अलीएक्सप्रेस आणि टेमूवरच्या वस्तू तपासल्या. काही वस्तूंत थॅलेट नावाची प्लास्टिक मऊ करणारी रसायनं मर्यादेच्या शेकडो पट सापडली. युरोपीय आयोगानेही जुलै २०२५ मध्ये प्राथमिक निष्कर्ष दिला, की टेमूवर बेकायदा वस्तू मिळण्याचा धोका मोठा आहे. तोंडात वस्तू घालणाऱ्या लेकरासाठी असा माल घेऊ नये.

गोरं करणारी क्रीम. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी अशा क्रीमचा संबंध मूत्रपिंडाच्या आजाराशी जोडणारी प्रकरणं २०२३ मध्ये नोंदवली. कारण होतं क्रीममधला पारा. डबीवर बनवणाऱ्याचं नाव, घटक आणि परवाना नसेल तर ती कितीही स्वस्त असो, नकोच.

औषधं, वजन घटवण्याच्या गोळ्या, ताकदीच्या पावडरी. आत काय आहे ते कळत नाही, आणि कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं हेही लिहिलेलं नसतं.

बंदी असलेल्या वस्तू. ई-सिगारेट भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहे, आयातसुद्धा. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. नकली ब्रँडचा माल कस्टम अडवू शकतं, मग वस्तूही जाते आणि पैसेही.

पैसे देताना

पैसे नेहमी ॲपच्या आतच द्या. विक्रेता चॅटमध्ये म्हणाला, "बाहेरून दिलेत तर १० टक्के कमी करतो", की तिथेच थांबा. बाहेर दिलेल्या पैशाला कंपनीचं कोणतंही संरक्षण नसतं. बँक ट्रान्सफर, वेस्टर्न युनियन, क्रिप्टो किंवा गिफ्ट कार्डाने मागणारा विक्रेता तर सरळ सोडून द्या.

परदेशी वेबसाईटवर भारतीय कार्ड वापरताना एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तिथे अनेकदा ओटीपी न येताच पैसे कापले जातात. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढं पुरतं. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' बंद ठेवा. कार्डाचे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये बँकांना सक्तीची केली. खरेदीच्या वेळी चालू करा, मर्यादा ऑर्डरच्या रकमेपेक्षा थोडी जास्त ठेवा, व्यवहार झाला की परत बंद. दोन मिनिटांचं काम आहे.

व्याजाच्या भानगडीमुळे क्रेडिट कार्ड न वापरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी पगार किंवा बचत असलेल्या मुख्य खात्याचं डेबिट कार्ड परदेशी साईटवर देऊ नये. एक वेगळं छोटं खातं ठेवावं, त्यात खरेदीपुरतेच पैसे टाकावेत. गेले तरी तेवढेच जातील. आखातात 'आता घ्या, चार हप्त्यांत द्या' ही सोय सर्रास दिसते. हप्ता चुकला तर दंड आहे का, ते आधी वाचा.

शुल्काचाही हिशोब धरा. परकीय चलनातल्या व्यवहारावर बऱ्याच बँका दोन ते साडेतीन टक्के शुल्क लावतात, त्यावर जीएसटी वेगळा. "रुपयांत पैसे द्यायचे का?" असा पर्याय आला तर घाई करू नका, त्यात बऱ्याचदा विनिमयाचा दर महाग लावलेला असतो.

कस्टमचा हिशोब

"गिफ्ट लिहिलं की कर लागत नाही," हे जुनं झालं. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त येत असे. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने ती सवलत बंद झाली. आता पोस्ट किंवा कुरियरने करमाफीत भेट म्हणून फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं येतात. बाकीची भेट पाठवता येते, पण पूर्ण कर भरून. कुवेतहून मामूंनी भाच्याला कुरियरने पाठवलेल्या घड्याळालाही हाच नियम.

कर कसा लागतो ते उदाहरणाने पाहू. दर बदलत असतात, म्हणून आकडे फक्त पद्धत समजावी यासाठी घेतले आहेत. समजा वस्तू २,००० रुपयांची, डिलिव्हरी ३०० रुपये. कर २,३०० वर मोजला जातो, नुसत्या २,००० वर नाही. सीमाशुल्क २० टक्के धरलं तर ४६० रुपये. झाले २,७६०. आता या बेरजेवर जीएसटी १८ टक्के धरला तर सुमारे ४९७ रुपये. एकूण ३,२५७. वर कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क. दोन हजारांची वस्तू अशी सव्वातीन हजारांच्या पुढे जाते. ऑर्डर करतानाच ॲप कर धरून घेतंय, की पार्सल आल्यावर भरायचा आहे, हे पाहून घ्या.

परदेशातही नियम कडक होत आहेत. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला कर नव्हता. ती सवलत मे २०२५ मध्ये चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी, आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. युरोपीय संघानेही जुलै २०२६ पासून १५० युरोखालच्या पार्सलमधल्या मालावर ३ युरोचं शुल्क लावायचं ठरवलं आहे. आखातात प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी आहे, ऑर्डरपूर्वी तिथल्या कस्टमच्या संकेतस्थळावर बघा.

सुट्टीवर गावी येताना बॅगेतून माल आणणाऱ्यांनी बॅगेज नियम लक्षात ठेवावेत. २०१६ च्या नियमांत करमुक्त सामानाची मर्यादा ५०,००० रुपये होती. निघण्यापूर्वी चालू मर्यादा पाहून घ्या. एकाच प्रकारचे दहा मोबाईल किंवा वीस अबाये घरच्या वापराचे वाटत नाहीत, तिथे अधिकारी विचारणारच.

पार्सल वाटेत असताना

टपालाने येणाऱ्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक १३ खुणांचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. चीनहून निघालेल्याला शेवटी 'सीएन' असतं. तो क्रमांक स्वतः भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

आणि इथेच भामटे टपून बसलेले असतात. "तुमचं पार्सल गोदामात अडकलंय, ४८ तासांत पत्ता भरा, नाहीतर परत जाईल" असा मेसेज भारतीय टपालाच्या नावाने फिरतो. तो खोटा असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केलेलं आहे. लिंकवर पाच-दहा रुपये भरायला सांगतात. त्यांना ते दहा रुपये नको असतात, कार्डाची माहिती हवी असते. तुम्ही खरंच काही मागवलेलं असतं, म्हणून मेसेज खरा वाटतो.

यापेक्षा वाईट प्रकार फोनचा. "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, व्हिडिओ कॉल बंद करू नका." घरात एकटी असलेली आई किंवा म्हातारे अब्बा यात लवकर घाबरतात. त्यांना आजच सांगून ठेवा: डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. कस्टम कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. कस्टमच्या पत्रावर 'डिन' क्रमांक असतो, तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. टपालाच्या पार्सलवरचं शुल्क पार्सल देताना पोस्टमन पावतीसह घेतो.

न मागवलेलं पार्सल आलं तर? काही विक्रेते खोटे शेरे लिहिण्यासाठी कुणाच्याही पत्त्यावर फालतू वस्तू पाठवतात. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका आणि पासवर्ड बदला. २०२० मध्ये अमेरिकेत लोकांच्या घरी बियाण्यांची अनोळखी पाकिटं आली होती, तेव्हा भारताच्या कृषी मंत्रालयानेही इशारा दिला होता. अशी बियाणी पेरायची नाहीत.

पार्सल आल्यावर

१. उघडताना सलग व्हिडिओ काढा. आधी पत्त्याचं लेबल, मग सील, मग आतला माल. मधे कापाकापी नको.

२. ॲपमध्ये 'माल मिळाला' हे बटण तपासल्याशिवाय दाबू नका. ते दाबलं, की तुम्ही माल मान्य केल्यासारखं होतं आणि पैसे विक्रेत्याकडे जायचा मार्ग मोकळा होतो.

३. वाद नोंदवायची शेवटची तारीख ऑर्डर करतानाच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. विक्रेता "अजून दहा दिवस थांबा, दोस्त" म्हणत राहतो, तेवढ्यात मुदत संपते. मुदत संपायला आठवडा राहिला, की थांबायचं नाही, तक्रार टाकायची.

४. बोलणं ॲपच्या चॅटमध्येच करा. व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं कंपनी पुरावा म्हणून मानेलच असं नाही.

५. "तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो" हे ऐकू नका. आधी पैसे. परतावा मूळ कार्डावर येतोय की ॲपच्या वॉलेटमध्ये, तेही पाहा.

फसवणूक झालीच तर

लाज वाटून गप्प बसू नका. घरच्यांना सांगायला संकोच वाटतो, त्यात दोन दिवस जातात, आणि नेमके तेच दोन दिवस मोलाचे असतात.

पहिलं, बँक. कार्ड लगेच ब्लॉक करा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर नुकसानीचा बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर जबाबदारी ठरावीक मर्यादेपर्यंत राहते. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

दुसरं, १९३०. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाईन क्रमांक. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

तिसरं, चार्जबॅक. माल आलाच नाही किंवा भलताच आला आणि कंपनी दाद देत नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक मागा. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच वादांसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. बँकेची आतली मुदत कमी असू शकते, म्हणून उशीर नको. ऑर्डरची पावती, चॅट, व्हिडिओ आणि ट्रॅकिंग जोडा. यूपीआयने एखाद्या माणसाच्या खात्यात पैसे टाकले असतील, तर हा रस्ता नसतो.

चौथं, ग्राहक हेल्पलाईन १९१५. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पण भारतात जिचं कार्यालयच नाही, अशा कंपनीकडून वसुली करणं अवघड जातं, म्हणून सगळा भर आधीच्या खबरदारीवर द्यायचा.

आखातात असाल तर आधी तिथली बँक, मग तिथले पोलीस. दुबईत पोलिसांचं ई-क्राइम पोर्टल आहे, सौदीत 'कुल्लुना अम्न' हे ॲप आहे.

बटण दाबण्यापूर्वी सात प्रश्न

- वेबसाईटचं नाव अक्षर न् अक्षर बरोबर आहे का?
- ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घेतलं आहे का?
- विक्रेत्याचे वाईट शेरे वाचले का?
- कर, डिलिव्हरी, बँकेचं शुल्क धरून एकूण किती पडेल?
- ही वस्तू बिघडली तर फक्त पैसे जातील, की कुणाला इजा होईल?
- कोणत्या कार्डाने देतोय, आणि त्यात किती पैसे आहेत?
- वाद नोंदवायची शेवटची तारीख कुठे लिहून ठेवली?

सातही उत्तरं मिळाली तर खुशाल घ्या. एकाचंही मिळत नसेल, तर उद्या बघा. आखातात उन्हात राबून घरी पाठवलेला पैसा आहे तो, दहा मिनिटांच्या घड्याळाला घाबरून घालवायचा नाही. आणि ही माहिती घरातल्या मोठ्यांना एकदा वाचून दाखवा. खोट्या पार्सलचे फोन त्यांनाही येतात.